फाटकासमोरचा उमेदवार

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानावर एक खोली आहे आणि त्या खोलीत एक माणूस पोरांना रडवतो. आईबाप पोरांना स्वतः जिन्यापर्यंत आणून सोडतात, वर रडण्याचा आवाज आला की समाधानाने एकमेकांकडे बघतात. खिडकीत पाटी आहे, 'प्रवेश मुलाखतीची तयारी'. पाटीवर नाव नाही, नावापुढे पदवी नाही. पदवी नाहीच म्हणा, ती कुठून लिहिणार. आमची पोरं त्याला 'उमेदवार' म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे 'सर'च म्हणतात, मीही.

मी कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे. मुलाखतींच्या दिवसांत दाराशी खुर्ची टाकून बसते. आतून घंटी वाजली की पुढच्याचं नाव पुकारायचं, त्याला आत नेऊन बसवायचं, पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि परत दाराशी यायचं. दार उघडं ठेवायचं असा इथला नियम आहे, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं. तोंडचं पाणी पळालेली इतकी पोरं मी बघितली आहेत की आता दया वगैरे येत नाही. ग्लास सांडू नये एवढीच अपेक्षा असते.

कॉलेज लहान आहे. इथे कोणी डॉक्टर होत नाही, इंजिनिअर होत नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, चित्रकला, भाषा असं सगळं थोडं थोडं वाढतात, आणि पोरगा विचार करायला शिकला असं जाहीर करून त्याला बाहेर सोडतात. मार्कांना किंमत नाही, निदान आम्ही तसं सांगतो. सगळं मुलाखतीवर. त्यामुळे बाहेर मुलाखतीचा भलताच बाऊ झालाय. आत म्हणाल तर तीन प्राध्यापक बसलेले असतात आणि चक्क गप्पा मारतात. सध्या काय वाचतेस, घरी कोण कोण असतं, असलं. पण हे बाहेर कोणाला पटत नाही, आणि त्या न पटण्यावरच समोरच्या खोलीचं भाडं निघतं.

आता त्या माणसाची गोष्ट सांगायची तर हॉस्टेलच्या एका खेळापासून सुरुवात करावी लागते. मुलाखतीला बाहेरगावाहून येणारी मुलं आदल्या दिवशी हॉस्टेलवर उतरतात. सकाळी सिनियर पोरं त्यातलं सगळ्यात घाबरलेलं कोकरू निवडतात. प्राध्यापकांसारखे कोट घालतात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबल लावतात, दाराशी एका मुलीला नाव पुकारायला उभं करतात, आणि त्याची मुलाखत घेतात. खोटी. वाट्टेल ते विचारतात. शेवटी मधल्या खुर्चीतला म्हणतो, "तुमच्यात काही नाही. तुम्ही घरी जा." पोराचे डोळे भरले की कपाटांमागे लपलेले सगळे टाळ्या वाजवत बाहेर येतात, त्याला मिठ्या मारतात, चहा पाजतात आणि स्वतः खऱ्या मुलाखतीला आणून सोडतात. कॉलेजचं म्हणणं असं की याने पोरांची भीती मोडते. मोडतेही. टाळ्या वेळेवर वाजल्या तर.

त्याच्या वेळी वाजल्या नाहीत. तो कुठल्यातरी लांबच्या गावातून आला होता, केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मधल्या खुर्चीत तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा होता. त्याने विचारलं, "या खोलीत नसलेली एखादी वस्तू आम्हाला दाखवा." हा प्रश्न त्याला त्याच सकाळी दात घासताना सुचला होता. कोकराने कपाटांकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघत बसलं. "तुमच्यात काही नाही," मधला म्हणाला. आणि तेवढ्यात मेसमध्ये काहीतरी पेटलं. घंटा झाली, आरडाओरडा झाला, कोटवाले आणि कपाटांमागचे सगळे बादल्या घेऊन पळाले. आग कसली, एक पडदा जळला होता. पण त्या गडबडीत प्रत्येकाला वाटलं की त्या पोराला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल.

कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पिशवी उचलली आणि बस पकडली. दुपारी खऱ्या मुलाखतीत त्याचं नाव पुकारलं, परत पुकारलं, मग पुढचं पुकारलं. हॉस्टेलवर चौकशी आली तेव्हा पोरं आधी पोट धरून हसली, मग घाबरली, मग मूग गिळून बसली. त्याच्या घरी पत्र टाकायचं असं ठरलं. कोणी टाकायचं ते ठरलं नाही.

काही वर्षांनी तोच माणूस परत आला आणि त्याने फाटकासमोरची खोली भाड्याने घेतली. तोपर्यंत त्याची गोष्ट कॉलेजची झाली होती. नव्या मुलांना वाचनालयाचे नियम सांगतात तशी ती पहिल्या आठवड्यात सांगतात. मला नोकरी लागली तेव्हा मलाही सांगितली आणि मी हसले. गोष्ट विनोदीच आहे. ज्याच्यावर बेतली त्याला सोडून सगळ्यांना विनोदी आहे. आणि त्याला सांगणार कोण? सांगायला निघालेल्याला आधी हसू आवरावं लागलं असतं.

त्याच्या खोलीत एक टेबल आणि ओळीने तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत तो स्वतः, बाजूच्या दोन रिकाम्या, त्यांच्या पाठीवर कोट अडकवलेले. पोरगं समोर उभं. "मी त्या खोलीत बसलोय," तो सुरुवात करायचा. "मला त्यांनी नाकारलंय. का नाकारलं ते मला कळायला बरीच वर्षं लागली. तुम्हाला ते आठवड्यात कळेल." मग प्रश्न. मग प्रत्येक उत्तराचा चेंदामेंदा. मग तेच वाक्य, "तुमच्यात काही नाही," पोरगं ते पापणी न हलवता ऐकायला शिकेपर्यंत, रोज. अशी भाजून काढलेली मुलं आमच्याकडे आली की समोर तत्त्वज्ञानाच्या मॅडम हसत विचारायच्या, येताना त्रास नाही ना झाला? पोरांना इतकं हायसं वाटायचं की ती भडाभडा बोलत सुटायची, आणि निवडली जायची. त्याचं नाव झालं ते असं. त्याला वाटायचं आपण ती खोली ओळखली. ती खोली त्याने बाहेरूनही बघितली नव्हती.

त्याने लग्न केलं, त्याला मुलगी झाली. मुलगी खुर्चीत नीट बसायला लागली तेव्हापासून तिची तयारी सुरू झाली. बायको औषधाच्या दुकानात काम करते. ती मला एकदा गोळ्या बांधून देताना म्हणाली होती, "आमच्याकडे जेवायला बसलं की पोरीला विचारतात, भाजी का घेतलीस? ती म्हणते, भूक लागली. हे म्हणतात, हे कोणीही सांगेल, तुझं काय? पोरगी परत विचार करते. भाजी गार होते." पोरगी पुढे पुढे मनात आलेलं पहिलं उत्तर द्यायचंच विसरली. मोठी शांत मुलगी. समोरच्याकडे बघायची तर आधी हा आपल्याला काय विचारणार याचा अंदाज घेतल्यासारखी बघायची. मला ती कधी आवडली नाही, खोटं कशाला बोलू.

तिची मुलाखत म्हणजे बापाचा सगळा हिशेब होता. स्वतःला नाही तर आपल्या रक्ताला ती खोली घेते की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्या सकाळी त्याने खोलीला कुलूप लावलं, नवा शर्ट घातला आणि फाटकाच्या बाहेर उभा राहिला. आत यायला कोणी मनाई केली नव्हती, पण तो फाटकाच्या आत कधी येत नसे.

मी मुलीचं नाव पुकारलं. आत तिघं होते, गणिताचे सर, तत्त्वज्ञानाच्या मॅडम आणि डीन. डीन म्हणजेच तो तिसऱ्या वर्षाचा पोरगा. आता केस पांढरे झालेत, आवाज गोड झालाय, विद्यार्थ्यांचे लाडके आहेत. खरं तर सुरुवात नेहमी गणिताचे सर करतात, काहीतरी सोपं विचारून. त्या दिवशी डीनसाहेबांना राहवलं नाही. मुलगी कोणाची ते त्यांना आडनावावरून कळलं होतं.

"या खोलीत नसलेली एखादी वस्तू आम्हाला दाखव," ते म्हणाले.

मुलीने जराही वेळ घेतला नाही. "तुमचा निर्णय," ती म्हणाली. "तो अजून या खोलीत आलेला नाही. मी गेल्यावर येईल."

बापाने इतकी वर्षं घासून घासून चकचकीत केलेलं उत्तर होतं ते. मॅडमच्या भुवया वर गेल्या. आणि डीनसाहेब हसायला लागले. आधी हळू, मग चष्मा काढून डोळे पुसत. "अगं, माफ कर," ते म्हणाले. "तुझ्यावर नाही हसत. मॅडम, हा प्रश्न माझा आहे. म्हणजे दात घासताना सुचलेला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोट, कपाटं, जळलेला पडदा, सगळं. रंगवून सांगितलं. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर जेवणाच्या टेबलांवर सांगितली होती, ती त्यांच्या तोंडात बसली होती. कुठे थांबायचं, कुठे लोक हसतात, सगळं बसलं होतं. मध्येच कधीतरी समोर कोण बसलंय ते विसरले असावेत.

"वडिलांना सांग," शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडून फार मोठी सॉरी. आणि उत्तर फर्स्ट क्लास होतं म्हणावं."

गणिताचे सर टेबलाकडे बघत होते. मुलीने विचारलं, "अजून काही प्रश्न आहेत?" नव्हते. तिला त्यांनी तिथल्या तिथे घेतलं. डीनसाहेब वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर त्यांना निदान कळलं असतं आपण काय केलं ते.

पुढचा मुलगा फाटकाशी घुटमळत होता म्हणून मी त्याला आणायला गेले. मुलगी माझ्या पुढेच चालत होती. बाप गजांना धरून उभा होता.

"काय विचारलं?"

"तुमचाच प्रश्न. मला घेतलं."

त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कोणाच्याच चेहऱ्यावर आधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं, पोरी, आता गप्प बस. आत्ता नको. पण तिला गप्प बसायला कोणी शिकवलंच नव्हतं. विचारलं की पूर्ण उत्तर द्यायचं, हेच शिकवलं होतं. तिने पूर्ण उत्तर दिलं. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही.

तो ऐकत राहिला. मग चक्क हसला. "ही पण परीक्षाच होती," तो म्हणाला. "तुला हलवून बघत होते. तू काय म्हणालीस त्यावर?"

"परीक्षा नव्हती, बाबा. तुम्हाला कोणी नाकारलं नाही. त्या दुपारी तुमचं नाव पुकारलं होतं. तुम्हीच नव्हता."

मी पुढच्या पोराचा दंड धरला आणि आत निघाले. मागे वळून बघितलं नाही. राग आला होता, पण कोणाचा ते धड कळेना. डीनचा तर होताच. पोरीचाही होता. आणि त्या माणसाचाही, की बाबा रे, त्या दिवशी एकाला तरी विचारायचंस की मुलाखत संपली का.

मुलाखतींच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या खुर्चीशी आला. फाटकाच्या आत. कोट घालून.

"ताई, मला मुलाखत द्यायची आहे."

"सर, तुम्हाला?"

"माझी राहिलीय."

वयाची अट आमच्याकडे नाही, म्हणून मी आत जाऊन सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. मनातून तीच इच्छा होती. डीनसाहेब म्हणाले, "येऊ दे की. एवढं तर आपण त्यांचं देणं लागतो." त्याला सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरलं. तोपर्यंत तो पोरांच्या रांगेत बाकावर बसून राहिला. त्याच्याच हाताखालून गेलेल्या दोघीतिघी त्या रांगेत होत्या, त्या सरकून बसल्या.

मी त्याचं नाव पुकारलं. ग्लास ठेवला. त्याने ग्लासाला हात लावला नाही. पोरांनाही तो तेच सांगायचा, पाणी पिऊ नका, घसा कोरडा पडलेला दिसतो.

"बसा," गणिताचे सर म्हणाले. माणूस सज्जन, त्यांनी नेहमीचंच विचारलं. "सांगा, तुम्हाला काय आवडतं?"

"कोणत्या संदर्भात?"

"संदर्भ काही नाही. असंच. रिकामा वेळ मिळाला तर काय करता?"

तो हसला, जाणत्या माणसाचं हसू. "हा प्रश्न उमेदवाराला मोकळं करायला असतो."

"बरोबर. मग व्हा मोकळे."

तो ताठ बसला. "मी मुलांची तयारी करून घेतो," तो म्हणाला.

"ते काम झालं. ते आवडतं का तुम्हाला?"

"नाही."

हे उत्तर त्याच्या तोंडून कसं निसटलं ते त्यालाच कळलं नसावं. मॅडम पुढे झुकल्या, अगदी मायेने म्हणाल्या, "मग काय आवडतं? काहीही चालेल. लहानपणचं सांगा." त्याने छताकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मी दाराशी बसून मनातल्या मनात त्याला सांगत होते, अरे, चालायला आवडतं म्हण, आंबट खायला आवडतं म्हण, काहीतरी बोल. "मला वाटलं होतं तुम्ही अवघड विचाराल," शेवटी तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. डीनसाहेबही नाहीत. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "आम्ही कळवतो." तो उठला, खुर्ची होती तशी सरकवून ठेवली, नमस्कार केला आणि दाराकडे वळला. मॅडमनी कागद गोळा करता करता सुस्कारा टाकला. "बिचारे. पण खरं सांगू का, काही नाहीच त्यांच्यात." बोलून गेल्या आणि मग त्यांचा हात तोंडाशी गेला. तो जेमतेम दारात पोचला होता. मी त्याच्याकडे बघितलं, म्हणून मला ठाऊक आहे, त्याने ते ऐकलं. पापणी हलली नाही.

मुलगी आमच्या दाराबाहेरच्या जिन्याशी उभी होती.

"काय विचारलं?"

"काय आवडतं, विचारलं."

"आणि?"

"नाही आलं."

ती एखादा धडा करायचा राहिला असं सांगावं त्या सुरात म्हणाली, "मला विचारलं असतं तर मलाही आलं नसतं. तुम्ही ते कधी घेतलंच नाही माझ्याकडून."

"हो," तो म्हणाला. "राहून गेलं."

दोघं फाटकापर्यंत बरोबर गेली. तो रस्ता ओलांडून आपल्या जिन्याकडे वळला, ती हॉस्टेल बघायला गेली. ती आता आमच्याकडेच शिकते. घर हाकेच्या अंतरावर असून हॉस्टेलवर राहते. वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर देते, परीक्षेत पहिली येते, आणि संध्याकाळी बाकीची मुलं गात, भांडत, रंग सांडत हिंडतात तेव्हा ही बाकावर हात मांडीवर ठेवून बसलेली असते. कोणी विचारलंच, काय करतेस, तर म्हणते, काही नाही. मला तिच्याकडे बघवत नाही.

मला वाटलं होतं तो खोली बंद करेल. कसली बंद करतोय. पुढच्या वर्षी मुलाखतींच्या आधी मी झेरॉक्स काढायला गेले तर वरून आवाज येत होता. माझे कागद व्हायचे होते, मी ऐकत उभी राहिले.

"तुला काय आवडतं?"

"मला..." पोराचा बारीक आवाज. "मला झोपायला आवडतं, सर."

"नाही. तुला पक्षी आवडतात."

"पण मला पक्ष्यांचं काही..."

"तुला पक्षी आवडतात. का आवडतात ते उद्या पाठ करून ये. पुढचा. तुला जुने नकाशे. आता तू. तुला काय आवडतं?"

"गाणं."

"गाणं मागच्या मुलीला दिलंय. तू मातीची भांडी घे."

त्या वर्षी मुलाखतींना सुरुवात झाली आणि एकामागून एक सगळ्यांना काही ना काही जिवापाड आवडत होतं. नकाशे, भांडी, पक्षी, जुन्या इमारतींचे दरवाजे. डोळ्यांत चमक आणून सांगत होते. गणिताचे सर खूश होते, म्हणाले, यंदाची मुलं फार मोकळी आहेत. डीनसाहेब मान डोलावत होते. समोरच्या खोलीबाहेर आता जिन्यावरही रांग लागते.

एका दुपारी बाकावर एकच मुलगी उरली. आतली घंटी वाजली. मी नाव पुकारलं तर ती उठेना. ओठ हलत होते, काहीतरी शोधत असल्यासारखे. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "मला काय आवडतं तेच आठवत नाहीये."

"खरं काय आवडतं ते सांग की," मी म्हणाले.

"तेच," ती म्हणाली. "तेच आठवत नाहीये."

आतून परत घंटी वाजली. मी तिचा हात सोडवला, तिला आत नेऊन बसवलं आणि पाण्याचा ग्लास ठेवला.